पायरी हाताने चालली पाहिजे

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा तक्ता नीट वाचला. तक्त्यात नऊ वर्कफ्लो भाषा (गणनेच्या पायऱ्या कोणत्या क्रमाने चालाव्यात ते लिहिण्याच्या भाषा) आहेत, प्रत्येकीपुढे बारा रकाने आहेत, आणि त्या एकशे आठ चौकटींपैकी एकीतही तुझ्या स्वतःच्या सहा पायऱ्यांचा उल्लेख नाही. दोन महिने तू हा तक्ता भरण्यात घालवलेस याचे वाईट वाटले आणि थोडा रागही आला. राग तुझ्यावर कमी, माझ्यावर अधिक, कारण असाच एक तक्ता माझ्याही जुन्या वहीत पडून आहे.

कोणती भाषा निवडू, असे तू विचारतेस. त्याआधी माझा प्रश्न असा, की प्रतिमांची जुळवणी करणारी तुझी चौथी पायरी कोणत्याही इंजिनाशिवाय, म्हणजे पायऱ्या क्रमाने चालवणाऱ्या प्रोग्रामशिवाय, टर्मिनलवर, एका ओळीच्या कमांडने, एकाच फाइलवर चालवता येते का? पत्रावरून तरी येत नाही असे दिसते. तिचे निम्मे गणित स्नेकमेक या पायथनवर बेतलेल्या वर्कफ्लो भाषेच्या नियमात 'रन'खाली, म्हणजे थेट वर्कफ्लोच्या फाइलीतच, लिहिलेले आहे आणि उरलेले एका नोटबुकात. अशा अवस्थेत कोणतीही भाषा निवडलीस तरी अडकशील. पायरी हाताने चालली पाहिजे. हे वाक्य या पत्रात पुन्हा येईल. कंटाळा आला तरी वाच.

हे मला नुकसानीतून कळले. नेक्स्टफ्लो ही दुसरी वर्कफ्लो भाषा ग्रूव्ही या प्रोग्रामिंग भाषेवर उभी आहे, आणि मी त्या भाषेच्या इतका प्रेमात होतो की कोणती नोंद ठेवायची आणि कोणती गाळायची हा निर्णयही वर्कफ्लोच्या फाइलीतच ग्रूव्हीत लिहून टाकला. पुढे नेक्स्टफ्लोची दुसरी शैली आली, आणि 22.10 नंतरच्या आवृत्त्यांनी पहिली शैली चालवणेच बंद केले. ज्या पायऱ्या स्वतंत्र स्क्रिप्टमध्ये होत्या त्या मी दोन दुपारींत नव्या शैलीत नेल्या. ती गाळणी मात्र पायथनमध्ये उतरवली तेव्हा जुन्या आणि नव्या निकालांतील नोंदींची संख्याच जुळेना. कारण सापडायला कित्येक आठवडे गेले. ग्रूव्हीत 0.1 लिहिले की ती मुळात अचूक दशांश संख्या धरली जाते, त्यामुळे 0.1 आणि 0.2 यांची बेरीज बरोबर 0.3 येते, पायथनमध्ये तीच बेरीज 0.3 पेक्षा अगदी किंचित जास्त भरते. माझी मर्यादा '0.3 किंवा त्याहून कमी' अशी होती. काठावरच्या नोंदी एकीकडे आत, दुसरीकडे बाहेर. ती गाळणी वेगळी स्क्रिप्ट असती, तर भाषा बदलताना तिला हात लावण्याचीही गरज पडली नसती.

दुसरी चूक मेकमधली. स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्समध्ये लिहिलेले, एका फाइलीतून दुसरी तयार करत जाणारे हे साधन फाइल आहे का आणि ती आपल्या स्रोतापेक्षा नवी आहे का, एवढेच पाहते. एका रात्री आमच्या क्लस्टरवर (अनेक संगणकांच्या सामायिक संचावर) कामांची रांग सांभाळणाऱ्या स्लर्मने वेळमर्यादा संपली म्हणून माझे काम मध्येच मारले आणि निकालाची फाइल अर्धवट लिहिलेली राहिली. सकाळी मी पुन्हा मेक चालवले. फाइल होती, नवी होती, म्हणून ते निर्धास्तपणे पुढच्या पायरीवर गेले. त्या अर्ध्या फाइलीतून मी एक आलेख काढला आणि बैठकीत दाखवलाही. तेव्हापासून माझी प्रत्येक पायरी निकाल आधी तात्पुरत्या नावाने लिहिते आणि काम पूर्ण झाल्यावरच त्याच डिस्कवर त्याचे खरे नाव ठेवते. स्नेकमेक अर्धवट निकालांची नोंद ठेवते, नेक्स्टफ्लो प्रत्येक कामाला वेगळी डिरेक्टरी देते, हे मला ठाऊक आहे. तरीही ही शिस्त पायरीच्या आत असावी, म्हणजे ती हाताने चालवतानाही टिकते.

आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर. फायली आधीच ठाऊक असतील आणि पायथन येत असेल तर स्नेकमेक. किती फायली निपजतील ते चालताना ठरणार असेल तर नेक्स्टफ्लो. तुझा वर्कफ्लो अनोळखी लोक वेगळ्या इंजिनावर चालवणार असतील तर सीडब्ल्यूएल, म्हणजे अनेक इंजिनांना समजणारी सामायिक भाषा, तिचा शब्दबंबाळपणा सोसून. तुला स्नेकमेक पुरेल. उत्तर इतके थोडक्यात दिले, कारण त्याचे महत्त्वही तेवढेच आहे. स्नेकमेकही स्थिर नाही: आठव्या आवृत्तीत क्लस्टरवर काम पाठवण्याची सोय वेगळ्या प्लगिनांत गेली आणि लोकांच्या जुन्या कमांड एका दिवसात निरुपयोगी झाल्या. ज्यांच्या पायऱ्या हाताने चालत होत्या, त्यांना फक्त पाठवण्याची पद्धत बदलावी लागली.

एक सापळा आणखी सांगतो. स्नेकमेकमध्ये 'स्क्रिप्ट' म्हणून जी सोय आहे ती फार मोहक आहे, पण तिच्यात फायलींची नावे स्नेकमेकने पुरवलेल्या वस्तूतून मिळतात. ती स्क्रिप्ट बाहेर चालवायला गेलीस की पहिल्याच ओळीवर कोसळते. त्याऐवजी 'शेल' वापर, म्हणजे टर्मिनलवरची कमांडच नियमात लिही, आणि नावे कमांडच्या ओळीतून दे. पायरी हाताने चालली पाहिजे.

तू लिहिले आहेस, की तुमच्या गटातले काही जण मला नव्या साधनांचा शत्रू समजतात. तसे नाही. मी पर्लमध्ये स्वतःचे एक इंजिन लिहिले होते आणि पाच वर्षे सांभाळले. त्याचा वापरकर्ता एकच होता, मी. पश्चात्ताप आहे, पण पूर्ण नाही: आमच्या क्लस्टरच्या रांगेशी नीट बोलणारे दुसरे काहीही तेव्हा आमच्या हाताशी नव्हते, आणि त्या इंजिनाखालच्या सतरा स्क्रिप्ट मी आजही वापरतो. इंजिन गेले, स्क्रिप्ट राहिल्या. यावरून मला हट्टी म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

या आठवड्यात तक्ता बाजूला ठेव. चौथी पायरी नियमातून आणि नोटबुकातून काढून एका फाइलीत आण. आत येणारी प्रतिमा, बाहेर जाणारा निकाल आणि जुळवणीची मर्यादा, ही तिन्ही कमांडच्या ओळीतून घेऊ दे. मर्यादा स्क्रिप्टमध्ये पुरून ठेवू नकोस. तुझ्याकडची सर्वांत लहान प्रतिमा घेऊन ती चालव. मग ती प्रतिमा, स्क्रिप्ट, लागणाऱ्या लायब्ररींच्या आवृत्त्या आणि ती एक ओळ मला पाठव. ज्या यंत्रावर मी ती चालवून पाहीन, त्यावर स्नेकमेक नाही.