आईंची खोली आधी, पोस्टातल्या ठेवीला हात नको

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं, एकदा आकड्यांसाठी आणि एकदा सासूबाईंसाठी. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात ६० वर्षांचं कौलारू घर, सासूबाई ७९ च्या, दमा आहे, थंडीत अर्धी रात्र उठून बसतात. मिस्टर रिटायर झालेत, पोस्टात सीनियर सिटिझन स्कीममध्ये ८ लाख आणि बँकेत अडीच लाखाची एफडी. कॉन्ट्रॅक्टरने कौलं उतरवून पत्रा, खाली इन्सुलेशन (ऊब धरून ठेवणारा थर) आणि सगळ्या घराला पीओपी असं ३.४ लाखाचं कोटेशन दिलंय, आणि कॅनडातला मुलगा म्हणतोय इन्सुलेशनचे पैसे पाच-सहा वर्षांत वसूल होतात, करून टाका.

मुलगा खोटं सांगत नाहीये, पण तो तिथलं सांगतोय. तिकडे बाहेर उणे वीस असतं, घर महिनोन् महिने रात्रंदिवस गरम ठेवावं लागतं, म्हणून माळ्यावर जाड थर घातला की हीटिंगचं बिल उतरतं आणि त्या उतरलेल्या बिलातून खर्च निघतो. आपल्याकडे उतरायला बिलच कुठाय? महिन्याला तुमचे ९० युनिट, कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेत हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, बिल शून्य. फक्त डिसेंबर-जानेवारीत १५०० वॅटचा हीटर रोज चार तास लावता म्हणालात, ते झाले दिवसाला ६ युनिट, महिन्याला १८०, म्हणजे एकूण २७० आणि २०० च्या वर गेलं की त्या महिन्याचं अख्खं बिल भरावं लागतं, नुसतं वरचं नाही. दोन महिन्यांचे मिळून धरा चार हजार. सगळं घर इन्सुलेट केलं तरी वाचून वाचून वर्षाला एवढेच वाचणार.

आता दुसरी बाजू बघा. पोस्टातलं खातं २०२३ चं, ८.२ टक्क्यांचं. त्यातले थोडे काढतो म्हटलं तर चालत नाही, अख्खं खातं बंद करावं लागतं आणि दोन वर्षं होऊन गेली असली तरी १ टक्का, म्हणजे तुमचे ८,००० कापून घेतात. वर ३.४ लाखावरचं व्याज, वर्षाला २७,८८० रुपये, ते गेलंच. दर तिमाहीला जवळपास सात हजार कमी येणार, आणि त्याच पैशात तुमची औषधं आणि किराणा चालतोय की हो! म्हणून त्या खात्याला हात लावू नका, हे मी अगदी ठामपणे सांगतोय.

पण म्हणून काहीच करू नका असंही नाही. आईंना रात्री श्वास नीट घेता यावा हेच कारण पुरेसं आहे, त्याला वसुलीचा हिशोब लावायचा नसतो, फक्त पैसे जिथे लागतात तिथेच घालायचे.

तुम्ही लिहिलंय की सकाळी आईंच्या कॉटवर कवडसे पडतात. तिथेच सगळं आहे बघा. जिथून उजेड आत येतो तिथूनच रात्री ऊब वर निघून जाते आणि पावसाळ्यात पाणी आत येतं. भिंत ओली राहिली की ती दिवाळीनंतरही गार लागते, आणि ओल आली की बुरशी, ती दम्याला आणखी वाईट. इन्सुलेशन काम करतं ते आतल्या अडकलेल्या कोरड्या हवेमुळे, ते भिजलं की गेलं. आमच्या निपाणीकडच्या घरात मी हीच चूक केली, गळती तशीच ठेवून खाली पीओपी करून घेतलं, कॉन्ट्रॅक्टरही काही बोलला नाही. दुसऱ्या पावसाळ्यात छताला चहाच्या डागासारखे गोल उठले, वर उंदीर झाले, आणि आईला खोकला लागला तो फेब्रुवारीपर्यंत गेला नाही. शेवटी सगळं फोडलं. पैसे गेले त्यापेक्षा तिचा तो हिवाळा गेला हे मला अजून लागतं.

तर माझ्या मते एफडीतून ८०,००० पर्यंत काढा, पावणेदोन लाखाच्या आसपास अडीअडचणीला राहू देत. आधी कौलं चाळून घ्या, फुटकी बदला, कुजलेले रीप आणि वासे बदला. पत्रा नको, उन्हाळ्यात तापतो आणि थंडीत खालून घाम धरतो. मग फक्त आईंच्या खोलीला वाशांच्या खाली बोर्डाचं सिलिंग, वर कोरडा ग्लासवूलचा (काचेच्या तंतूंच्या लोकरीचा) थर, आणि कौलं व त्या थराच्या मधे हवा खेळती राहील एवढी जागा. थर्माकोल घालू नका, तुमची चूल पलीकडेच आहे. खिडक्यांसाठी संध्याकाळी वारा सुटला की उदबत्ती घेऊन चौकटीजवळून हळूहळू फिरवा, जिथे धूर आडवा पळतो तिथे फट आहे, ती बुजवायला फार पैसे लागत नाहीत. खोली एकदा नीट बंद झाली की हीटर दीड-दोन तासही पुरेल, तसं झालं तर युनिट २०० च्या आत राहतील आणि मग गृहज्योतीत तुमच्या घराला जेवढे युनिट मोफत मंजूर आहेत त्याच्या वरचेच पैसे भरायचे.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. फटी बुजवल्यावर त्या खोलीत कोळशाची शेगडी रात्री कधीही ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

आणि घर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणालात, दोन दीर आहेत. आज खर्च तुम्ही करणार, उद्या वाटणीत त्याचा हिशोब कोणी धरेलच असं नाही. दिरांशी बोलून साध्या कागदावर सह्या घ्या की एवढा खर्च आम्हाला माहीत आहे, आणि पंचायतीत ई-स्वत्तूला, म्हणजे मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदीत, घर कोणाच्या नावाने आहे तेही बघून घ्या, कागद कन्नडमध्ये असतो तर जाणणारं कोणीतरी बरोबर न्या. कौलं चाळणाऱ्याला मार्चमध्येच सांगून ठेवा, मे मध्ये माणूस मिळत नाही आणि जांबोटीकडून ढग आले की तो वर चढत नाही.