कृषी सल्ला : हापूसच्या सावलीत भुईचाफा

रत्नागिरी व सिंधुदुर्गातील काही बागायतदारांनी दोन प्रश्न विचारले आहेत. जुन्या हापूस कलमांच्या दाट सावलीत गवतही धरत नाही आणि पावसात माती धुपते, तर तेथे जमीन झाकण्यासाठी रानातला भुईचाफा लावावा का? आणि गेल्या पावसाळ्यात लावलेली रोपे डिसेंबरात पिवळी पडून नाहीशी झाली, ती रोगाने मेली का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देणे योग्य, कारण पहिल्याचा उलगडा त्यातच आहे. भुईचाफा हा आले-हळदीच्या कुळातला असल्यामुळे पावसाळा सरला की हळदीप्रमाणेच त्याचा पाला वाळतो, पण कंद जमिनीत जिवंत राहतो. अशा वेळी रोप जगवण्याच्या हेतूने पाणी दिल्यास कंद कुजतो. बहुतेक रोपे याच काळजीपोटी जातात. मार्च ते मे या काळात पानांचा मागमूस नसताना सुवासिक फुले थेट जमिनीतून उमलतात. त्यांच्या पाकळ्या अरुंद व पांढऱ्या असून ओठासारखी रुंद पाकळी जांभळी व दुभंगलेली असते. एक फूल जेमतेम दिवसभर टिकते, मात्र गड्ड्यातून एकामागून एक फुले येत राहतात. पुढे पावसाबरोबर येणारी पाने वरून गडद-फिक्या हिरव्या नक्षीची, तर पाठीमागून जांभळट असतात.

हापूसला मोहोरापूर्वी पाण्याचा ताण लागतो आणि त्याच सुमारास भुईचाफ्यालाही कोरडी विश्रांती हवी असते, म्हणून ही जोडी आम्हास योग्य वाटते. जमीन मात्र तो पावसाळ्यातच झाकतो. उरलेले महिने कंदांवर पातेऱ्याचा (वाळलेल्या पानांचा) दोन-तीन इंचांचा थर ठेवावा आणि साफसफाईच्या नावाखाली तो तेथेच जाळू नये.

लागवड मेअखेर, पहिल्या पावसाच्या तोंडावर करावी. डोळा असलेले कंदाचे तुकडे, त्यांना लोंबणाऱ्या गाठीसारख्या मुळ्या न तोडता, सुमारे ५ सेंमी खोल व २५ ते ३० सेंमी अंतरावर लावावेत. कातळावरच्या उथळ मातीत पाणी साचत असेल तर गादीवाफा करून कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा ही कंदकुज रोखणारी उपयुक्त बुरशी मिसळून द्यावी. ज्या कलमांना पॅक्लोब्युट्राझोल दिले जाते, त्यांच्या बुंध्याभोवतीचे औषधाचे कडे मोकळे सोडावे, कारण हे वाढरोधक मातीत दीर्घकाळ राहते व भुईचाफ्याची वाढही खुंटवू शकते. शिवाय तेथे कुदळ चालवल्यास कलमाची तंतुमुळे तुटतात, ते वेगळेच.

कंद रोपवाटिकेतून किंवा शेजाऱ्याच्या परसातून घ्यावेत. राखीव वनातून परवानगीशिवाय ते खणून आणणे भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. गड्डा दाट झाल्यावर, साधारण तिसऱ्या वर्षी, फुले संपताच तो विभागून पुढील जागेत लावता येतो.