संकट समोर दिसत असूनही ते टाळत राहणारी आणि शेवटी नाइलाजाने त्याला सामोरी जाणारी पात्रे साहित्यात कोणती आहेत?

मी जळगाव जिल्ह्यातला, त्यामुळे आपला प्रश्न वाचताच मला पहिल्यांदा पांडुरंग सांगवीकर आठवला. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) या कादंबरीचा हा नायक आहे, आणि यावल तालुक्यातले सांगवी हे खुद्द नेमाडे यांचे गाव. शेतीच्या उत्पन्नावर मुलाला पुण्यास शिकायला पाठवावे आणि मुलाने तिथून निकालाऐवजी पैशांची मागणी कळवत राहावे, हा अनुभव आमच्या भागातल्या पुष्कळ घरांना कादंबरी न वाचताही ठाऊक आहे. म्हणूनच की काय, इथली वडीलधारी मंडळी पांडुरंगाबद्दल फारशी हळवी होत नाहीत.

पांडुरंग अभ्यास टाळतो, वडिलांशी सरळ बोलणे टाळतो, स्वतःच्या भवितव्याचा विचारही टाळतो. परंतु तो आळशी किंवा भित्रा आहे असे म्हणणे मला पटत नाही. समोर येईल त्या गोष्टीची टर उडवून ती निरुपद्रवी करून टाकण्याची विलक्षण हातोटी त्याच्याकडे आहे, आणि तेच त्याचे पळून जाण्याचे साधन आहे. धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते, तेव्हा मात्र हे साधन निकामी होते. या मृत्यूची टर उडवता येत नाही आणि त्याच्याकडे पाठही फिरवता येत नाही. मराठी कादंबरीतली शोकाची इतकी उघडी पाने मी फार थोडी वाचली आहेत. पुढे तो नापास होऊन गावी परततो. अनेक जण या परतण्याला शहाणपण म्हणतात. मला तसे वाटत नाही. गावातही तो रिकामाच हिंडतो. फरक इतकाच, की आता स्वतःला फसवणे त्याला पूर्वीसारखे साधत नाही.

टाळण्याची किंमत बहुधा दुसरेच कोणी मोजते, हे विश्राम बेडेकर यांच्या 'रणांगण' (१९३९) मध्ये अधिक निर्दयपणे दिसते. युरोपातून परतणारा चक्रधर आणि नाझी जर्मनीतून निसटलेली ज्यू तरुणी हॅर्टा बोटीवर भेटतात. आधीच्या प्रेमभंगाने कडवट झालेला चक्रधर निर्णय लांबवत राहतो, मुंबई येते, तो उतरतो आणि ती पुढे जाते. नंतर ती समुद्रात उडी घेते. त्याला वास्तव कळते, पण तोवर करण्यासारखे काही उरलेले नसते.

महाभारतातला धृतराष्ट्र या सर्वांचा पूर्वज म्हणावा लागेल. विदुर सांगतो ते त्याला पटते, पण तो तसे वागत मात्र नाही. द्यूत चालू असताना तर 'काय जिंकले?' असे अधीरतेने विचारतो. शंभर पुत्र गेल्यानंतर भीमाला आलिंगन द्यायची वेळ येते, तेव्हा कृष्ण लोखंडी पुतळा पुढे करतो आणि हा म्हातारा तो चुरगाळून टाकतो. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण सर्वनाश झाल्यावरदेखील हा माणूस दोष दुसऱ्याच्याच माथी मारतो आहे. (नंतर भीम मेला असे समजून तो रडतो, ते रडणे कितपत खरे याबद्दल मला शंकाच आहे.)

उलट उदाहरण हवे असल्यास विराटाचा पुत्र उत्तर पाहावा. अंतःपुरात बढाया मारून निघालेला हा राजपुत्र कौरवांचे सैन्य दिसताच रथातून उडी टाकून पळत सुटतो. मात्र बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन त्याच्यामागे धावतो, त्याला पकडून आणतो आणि लढण्याऐवजी घोड्यांचे लगाम हाती देतो, म्हणजे त्याला झेपेल एवढेच काम देतो. पांडुरंग किंवा चक्रधर यांच्यामागे असे कोणी धावले नाही. हाच उत्तर पुढे भारतीय युद्धात पहिल्याच दिवशी शल्याशी लढताना मारला जातो.