वाचकांचे प्रश्न: जावयाच्या मताला किंमत नाही का हो?

प्रश्न: मुलगी-जावई न्यू जर्सीत एडिसनला असतात, तिची नणंद डेलावेअर नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात. 2024च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत नणंदेकडे उठसूट बेल वाजवणारे प्रचारवाले, फोन, मेसेज, नुसता वैताग, आणि मुलीकडे कुणी फिरकलंच नाही. जावई म्हणतो आमचं मत कुणाला नकोच आहे. असं कसं?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: जावईबापू वैतागून बोलले असतील, पण खरं तेच बोलले. तिथे देशभरची मतं एकत्र मोजत नाहीत, राज्याराज्याला इलेक्टोरल व्होट्स, म्हणजे राष्ट्राध्यक्ष ठरवणारी मतं, वाटून दिलीत, एकूण 538, जिंकायला 270, आणि मेन नि नेब्रास्का ही दोन राज्यं सोडली तर राज्यात ज्याचं एक मत जास्त त्याच्या पदरात त्या राज्याचं सगळंच. आता न्यू जर्सी 1992 पासून दर वेळी डेमोक्रॅट्सकडे, मग तिथे पैसा कोण ओतणार? एक म्हणतो घरचंच आहे, दुसरा म्हणतो मिळायचं नाही. पेनसिल्व्हेनियाची व्होट्स 19, आणि ते 2016ला रिपब्लिकन ट्रम्पकडे, 2020ला डेमोक्रॅट बायडनकडे, 2024ला परत ट्रम्पकडे, त्यामुळे नणंदबाईंची बेल वाजणारच.

गृहीत धरलं की काय होतं ते 2016ला डेमोक्रॅट्सच्या हिलरी क्लिंटननी बघितलं. देशभरात ट्रम्पपेक्षा 28 लाखांहून जास्त मतं, तरी हरल्या! उमेदवारी मिळाल्यावर विस्कॉन्सिनला त्या प्रचाराला गेल्याच नाहीत, आपलंच आहे म्हणून, आणि ते गेलं. मिशिगन तर 10,704 मतांनी गेलं, म्हणजे आपल्या घोडबंदर रोडच्या दोन-तीन मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये मावतील एवढी माणसं. बाकी 28 लाखांची आघाडी टीव्हीवर दाखवायला छान, कामाची शून्य.

आणि हो, न्यू जर्सीतही डेमोक्रॅट्सची आघाडी 2020ला साधारण 16 टक्के होती ती 2024ला 6वर आलीये, तेव्हा जावईबापूंनी फार निर्धास्त राहू नये.

प्रश्न: आपल्याकडे 2024च्या लोकसभेला मविआ 48 पैकी 30, आणि सहा महिन्यांच्या आत विधानसभेला महायुती थेट 230. अमेरिकेत वारं असं फिरतं का?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर: एवढ्या झटक्यात सहसा नाही, पण फिरलं की बालेकिल्लेच्या बालेकिल्ले जातात. ओहायो 1964 ते 2016 जो जिंकेल त्याच्याच बाजूला, सगळे तिकडे पडीक असायचे, आता रिपब्लिकनांचं जवळपास पक्कं. फ्लोरिडा 2000 साली 537 मतांवर अडकलं होतं नि रिपब्लिकन बुश तिथूनच राष्ट्राध्यक्ष झाले, 2024ला तिथेच ट्रम्प 13 टक्क्यांनी पुढे. उलट व्हर्जिनिया 1968 ते 2004 रिपब्लिकन आणि 2008 पासून डेमोक्रॅट, कारण वॉशिंग्टनला लागून असलेली शिकल्या-सवरल्या नोकरदारांची उपनगरं वाढली. वेस्ट व्हर्जिनिया कोळसा खाणींचं, युनियनवाल्यांचं राज्य, 1996ला डेमोक्रॅट बिल क्लिंटनला मत दिलं आणि 2000 पासून रिपब्लिकनांकडे गेलं ते गेलंच. मला विचाराल तर मोठी उलथापालथ हीच आहे, कामगार डेमोक्रॅट्सकडून रिपब्लिकनांकडे निघाला आणि डिग्रीवाला तिकडून डेमोक्रॅट्सकडे आला, स्विंग स्टेटचा, म्हणजे कधी इकडे कधी तिकडे झुकणाऱ्या राज्यांचा, नकाशा त्याच्या मागून बदलतो. टेक्सासमधली मेक्सिकोच्या सीमेवरची स्टार काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) घ्या, जवळजवळ सगळे हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषक मुळाचे, शंभर वर्षांहून जास्त डेमोक्रॅट्सची, 2024ला तीसुद्धा ट्रम्पकडे गेली. टेक्सासचा निकाल काही त्याने बदलला नाही, तो ठरलेलाच होता, पण पुढच्या वेळी हिस्पॅनिक मत आपलंच धरून चालायला डेमोक्रॅट्सचा कुठलाच हिशेबनीस धजावणार नाही.