ड्यूपाँसारख्या धनाढ्य संग्राहक घराण्याच्या दप्तरात नेमकं काय वाचावं?

तुम्ही ड्यूपाँ घराण्याचं नाव घेतलंय, म्हणून अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या विंटरथर या त्यांच्या घराबद्दलच सांगतो, आता तिथं संग्रहालय आहे. खासगी पत्रांचे गठ्ठे नंतर उघडा, आधी पावत्या आणि अँटिक विक्रेत्यांचा पत्रव्यवहार काढा. खासगी पत्रांत तब्येतीच्या चौकश्या आणि आभारच फार. वस्तू कुणाकडून आली, किती मोजले, घासाघीस कुठे झाली हे व्यापाराच्या कागदांत कळतं.

विंटरथरचा मालक हेन्री फ्रान्सिस ड्यूपाँ (१८८०–१९६९) याला जुन्या अमेरिकन फर्निचरचा नाद लागला तो १९२३मध्ये. व्हरमाँटला इलेक्ट्रा वेब या संग्राहक बाईंच्या घरी त्यानं पाइनचं एक कपाट पाहिलं, त्यात गुलाबी बशा मांडलेल्या होत्या. सहाच वर्षांनी एका लिलावात वृत्तपत्रसम्राट हर्स्टवर मात करून फिलाडेल्फियाच्या एका उंच खणांच्या कपाटासाठी त्यानं ४४,००० डॉलर मोजले!

मला स्वतःला सगळ्यात मोलाच्या वाटतात त्या जेवणाच्या नोंदी. पाहुण्यांसाठी काय रांधलं, कुठली भांडी काढली, टेबलावर फुलं कुठली होती, हे सगळं टिपून ठेवलेलं. वरवर पाहता श्रीमंतांचे चोचले. पण बशीच्या रंगाला फूल जुळवणारा हाच माणूस पुढे १९५१मध्ये संग्रहालय म्हणून खुल्या झालेल्या त्या घरातल्या खोल्या सजवत होता. म्हणून त्या खोल्यांना अठराव्या शतकातल्या घराची हुबेहूब प्रतिकृती समजू नका. त्या काळात कुणाच्याही घरात सगळं इतकं जुळून आलेलं नसणार. खोलीत खरं जुनं किती आणि त्याच्या नजरेचं किती, हे वेगळं काढायला या नोंदी कामी येतात.

‘जतन’ या बाबतीतही डोळे उघडे ठेवा. विंटरथरचा प्रसिद्ध जिना मुळात नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉन्टमोरेन्सी नावाच्या घरातला. १९३०च्या दशकात तो तिथून उचलून आणला आणि नव्या जागेत बसावा म्हणून त्याचा गोल घाट बदलून लंबगोल केला. जिना वाचला हे खरं, पण घरापासून तुटला. बऱ्याच खोल्यांचं लाकूडकामही असंच जुन्या घरांतून आलेलं आहे. अशा वेळी उतरवण्याआधीचे फोटो, मोजमापं, कंत्राटदाराची पत्रं जे हाती लागेल ते सोडू नका. मूळ घराचा पुरावा कदाचित तेवढाच उरलेला असेल.

आणि फक्त विंटरथरवर थांबू नका. घराण्याचा पैसा १८०२मध्ये सुरू झालेल्या बारूद कारखान्यातून आला. त्या धंद्याची आणि घराण्याची बरीच कागदपत्रं जवळच्याच हॅग्ली ग्रंथालयात आहेत. दोन्हीकडच्या सूची आधी घरबसल्या चाळा आणि हवे ते खोके आगाऊ कळवून ठेवा.