रात्रीचा डेटा उचलायचा जॉब एकच ठेवू की दोन करू?

प्रश्न: नमस्कार. मी नागपूरला मिहानमधल्या एका कंपनीत डेटाचं काम करतो. रोज रात्री १ वाजता आमचा एक जॉब (आपोआप चालणारा प्रोग्राम) ओरॅकल डेटाबेसवरच्या ईआरपीमधून, म्हणजे कंपनीच्या रोजच्या व्यवहारांच्या सिस्टिममधून, ऑर्डर, बिलं, ग्राहक असे टेबल उचलतो आणि थेट वेअरहाउसच्या, म्हणजे रिपोर्टसाठी डेटा साठवायच्या, ओरॅकलमध्ये टाकतो. मागच्या आठवड्यात ग्राहकाच्या पत्त्यावर ओआरए-१२८९९ एरर आला, जॉब पडला, सकाळी ९ वाजता सगळं पहिल्यापासून चालवलं तर बिलिंग स्लो झालं आणि तिकडचे डीबीए (डेटाबेस सांभाळणारे) जाम चिडले. मी म्हणतो काढणं आणि टाकणं वेगळं करू. सिनियर म्हणतात उगाच दोन जॉब कोण सांभाळत बसेल. काय करू?

उत्तर: वेगळं करा भाऊ. सिनियरची काळजी खोटी नाही, त्यावर येतोच, पण आधी त्या रात्री झालं काय ते बघा. हा एरर म्हणजे मजकूर कॉलमपेक्षा मोठा. बहुतेक सोर्सला, म्हणजे ईआरपीत, कॉलम ५० कॅरेक्टरचा आणि तुमच्याकडे ५० बाइटचा असेल, ओरॅकलमध्ये सांगितलं नाही तर सहसा बाइटच धरतात. ‘खरे टाउन, धरमपेठ, नागपूर’ एवढा साधा पत्ता घ्या, स्पेस आणि स्वल्पविराम धरून २४ कॅरेक्टर, तिकडे आरामात बसतो, पण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट घेतं, म्हणजे हाच पत्ता ६२ बाइटचा झाला आणि तुमच्याकडे बसेना. डेटा तर नीट निघाला होता ना? चूक टार्गेटच्या, म्हणजे वेअरहाउसच्या, टेबलची आणि त्रास बिलिंगवाल्यांना! काढलेला डेटा फाइलमध्ये पडून असता तर कॉलम वाढवून फक्त लोड परत मारला असता, सोर्सला हातही लावावा लागला नसता.

दुसरी गोष्ट जास्त त्रासाची आहे. एकाच जॉबमध्ये वाचायचा स्पीड लिहिण्याच्या स्पीडवर अडकतो, टार्गेटला इंडेक्समुळे (पटकन शोधायच्या याद्या, त्याही प्रत्येक रोसोबत बदलाव्या लागतात) लोड रेंगाळला की सोर्सची क्वेरीही तेवढा वेळ उघडी राहते, आणि ओरॅकलला त्या क्वेरीला ती सुरू झाली तेव्हाचंच चित्र दाखवायचं असतं, त्यासाठी बदललेल्या डेटाची जुनी रूपं अंडूमध्ये (ओरॅकलची ती ठेवायची जागा) लागतात, ती पुसली गेली की ओआरए-०१५५५ म्हणजे स्नॅपशॉट टू ओल्ड येतो. फाइलमध्ये भराभर उतरवून सोर्स मोकळा केला की हा धोका पुष्कळ कमी होतो.

करताना फाइलमध्ये डेटा सोर्ससारखाच ठेवा, साफसफाई, जॉइन काही नको, ते सगळं नंतर. फाइल आधी तात्पुरत्या नावानं लिहा आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव द्या, नाहीतर लोडवाला जॉब अर्धवट फाइल उचलतो आणि कोणाला कळतही नाही. सोबत एक छोटं टेबल ठेवा, बॅच नंबर, कधी काढलं, किती रो (ओळी) निघाल्या, किती टार्गेटमध्ये गेल्या, लोड झालं की नाही. आकडे जुळले नाहीत तर तिथंच थांबायचं.

बदललेल्या रोच उचलत असाल तर इथं जपा. ‘मागच्या वेळेनंतर बदललेलं’ असं शोधताना रात्री १२:५९ ला बदललेली पण १:०५ ला कमिट (पक्की) झालेली रो १ च्या जॉबला दिसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही १ च्या पुढचं मागता, मग ती कायमची सुटते. म्हणून दर वेळी थोडं मागून सुरू करा, सोर्सच्या सगळ्यात लांब ट्रान्झॅक्शनपेक्षा (बदल सुरू होऊन कमिट होईपर्यंतचा वेळ) जास्त मागून, आणि लोड मर्जनं करा (रो आधीच असेल तर बदला, नसेल तर टाका) म्हणजे तीच रो दोनदा आली तरी डबल होत नाही.

आता सिनियरचं. दोन जॉब म्हणजे लक्ष ठेवायच्या दोन जागा, डिस्क लागते, आणि ग्राहकांचे फोन नंबर फाइलमध्ये पडून राहतात, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फोल्डर सगळ्यांना उघडा ठेवू नका, ठरलेल्या दिवसांनंतर जुन्या फाइली आपोआप डिलीट होऊ द्या. आणि राज्यांची यादी, टॅक्सचे दर असे शे-दोनशे रोचे टेबल सरळ एकाच जॉबनं उचला, तिथं सिनियरचंच ऐका.

बाकी काही करायच्या आधी टार्गेटमधले मराठी मजकुराचे सगळे कॉलम बाइटवरून कॅरेक्टरवर न्या, नुसता पत्ताच नाही, ग्राहकाच्या नावाचा कॉलमसुद्धा तपासा.