छप्पर नवे, घर जुने : घरविम्याचा हप्ता कशावर ठरतो?

प्रश्न : आम्ही डॅलसजवळच्या रिचर्डसन येथे १९७२ साली बांधलेले एकमजली विटांचे घर घेत आहोत. करार झाला असून ऑप्शन पीरियडचे (ज्या मुदतीत करारातून बाहेर पडता येते) सात दिवस हातात आहेत. विकणाऱ्यांनी २०२३ मध्ये छप्पर पूर्ण बदलल्याचे सांगितले आहे आणि घराच्या जाहिरातीतही ते ठळकपणे लिहिले आहे. छप्पर नवे असल्याने विमा स्वस्त पडेल असे आम्ही धरून चाललो होतो. परंतु फ्रिस्कोमध्ये २०१८ साली बांधलेल्या घरात राहणारे आमचे मित्र जेवढा हप्ता भरतात, त्याहून आम्हाला सांगितलेले आकडे बरेच जास्त आहेत. शिवाय आम्हाला मिळालेल्या दोन कोटेशनमध्येही वर्षाला ६५० डॉलरचा फरक आहे. नव्या छपराचा फायदा आम्हाला का मिळत नाही, आणि स्वस्त कोटेशन घ्यावे काय?
— एक वाचक दांपत्य, टेक्सास

उत्तर : फायदा तुम्हाला मिळतो आहे, पण तो तुम्ही शोधत आहात तिथे, म्हणजे हप्त्याच्या आकड्यात, थोडाच दिसेल. नव्या छपराचा मोठा लाभ भरपाईच्या अटींमध्ये असतो, आणि तुमच्या दोन कोटेशनमधील फरकही बहुधा तिथेच दडलेला आहे. त्याकडे मी सविस्तर येतोच. त्याआधी हप्ता जास्त का, हे पाहू.

उत्तर टेक्सासमध्ये विमा कंपनी छपराचे वय सर्वांत आधी विचारते, याचे कारण गारपीट. साधारण मार्चपासून जूनपर्यंत डॅलस-फोर्ट वर्थ पट्ट्यात क्रिकेटच्या चेंडूएवढ्या गाराही पडू शकतात. ५ मे १९९५ रोजी फोर्ट वर्थमध्ये मेफेस्ट या उत्सवाच्या वेळी झालेली गारपीट तिथल्या जुन्या रहिवाशांना आजही आठवते. त्यामुळे वीस वर्षांच्या शिंगल्सऐवजी (छपरावरील आच्छादनाच्या पट्ट्या) दोन-तीन वर्षांच्या शिंगल्स असणे ही कंपनीच्या दृष्टीने निश्चितच जमेची बाजू आहे. परंतु घरविमा केवळ छपराचा नसतो. आग, फुटलेले नळ, त्यातून खराब झालेल्या भिंती व फरशी, घरातील सामान, दुरुस्तीच्या काळात दुसरीकडे राहण्याचा खर्च, आणि तुमच्या अंगणात कोणी पडून जखमी झाल्यास येणारी जबाबदारी, हे सगळे त्याच हप्त्यात असते. यातील आग आणि पाणी या दोन जोखमी छपरावर फारशा अवलंबून नाहीत. त्या भिंतींच्या आतील तारा आणि जमिनीखालील नळ यांच्यावर अवलंबून आहेत, आणि ते तुमच्या घरात कदाचित १९७२ चेच आहेत. मित्रांच्या हप्त्याशी केलेली तुलना म्हणूनच उपयोगाची नाही. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत असे आकडे एकमेकांना हमखास विचारले जातात, पण बांधकामाचे वर्ष, पूर्वीचे क्लेम, डिडक्टिबल (नुकसानीतील तुम्ही स्वतः सोसायची रक्कम) आणि क्रेडिटचा इतिहास हे सारे सारखे असल्याशिवाय दोन घरांचे हप्ते शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

घर १९७२ चे असल्यामुळे एक गोष्ट मला विशेष काळजीची वाटते. तांबे महागल्यामुळे साधारण १९६५ ते १९७३ या काळात अमेरिकेतील अनेक घरांत अ‍ॅल्युमिनियमच्या तारा टाकल्या गेल्या. या तारा स्विच, सॉकेट आणि जोडांच्या ठिकाणी कालांतराने सैल होतात, तापतात आणि आगीला कारण ठरू शकतात. काही कंपन्या अशा घराचा विमा उतरवतच नाहीत, काही दुरुस्तीचा पुरावा मागतात. सर्व तारा तांब्याच्या करून घेणे किंवा प्रत्येक जोडावर कोपॅलम अथवा अ‍ॅल्युमिकॉन पद्धतीचे जोडणीचे काम करून घेणे, या उपायांना अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाची मान्यता आहे. त्याचबरोबर विजेच्या पॅनेलचे दार उघडून आतील लेबल वाचा. त्यावर ‘फेडरल पॅसिफिक’ किंवा ‘स्टॅब-लॉक’ असे लिहिलेले आढळले, तर ते पॅनेल बदलण्याचा खर्च धरूनच घराच्या किमतीविषयी बोला, कारण अनेक कंपन्या त्यावर थेट नकार देतात. तिसरी तपासणी सांडपाण्याच्या नळांची. त्या काळातील घरांत स्लॅबखाली (काँक्रीटच्या पायाखाली) बिडाचे नळ असतात आणि पन्नास वर्षांनंतर ते गंजलेले असणे स्वाभाविक आहे. नेहमीच्या इन्स्पेक्शनमध्ये हे कळत नाही. नळात कॅमेरा घालून किंवा हायड्रोस्टॅटिक चाचणी (नळ पाण्याने भरून गळती पाहणे) करून ते वेगळे पाहावे लागते. झिजून हळूहळू होणारी गळती बहुतेक पॉलिसींमधून वगळलेली असते, आणि नळगळतीमुळे पायाला झालेल्या नुकसानीचे संरक्षण टेक्सासमध्ये सहसा जास्तीचे पैसे भरून वेगळे घ्यावे लागते. तिथली चिकणमाती ओली-सुकी होताना फुगते आणि आकसते, त्यामुळे हे संरक्षण तुम्ही जरूर विचारात घ्यावे.

आता छपराकडे येऊ. ‘२०२३ मध्ये बदलले’ हे विकणाऱ्याचे वाक्य विमा कंपनीला पुरत नाही आणि ते तुम्हालाही पुरू नये. टेक्सासच्या सेलर्स डिस्क्लोजर नोटिसमध्ये, म्हणजे विकणाऱ्याने घराची माहिती देण्याच्या फॉर्ममध्ये, छपराचा प्रकार आणि अंदाजे वय लिहायला जागा असते. तिथे काय लिहिले आहे ते आधी पाहा. मग विकणाऱ्याकडून काम पूर्ण झाल्याचे अंतिम बिल मागा, आणि त्यावर शिंगल्सची कंपनी, प्रकार व जुने थर काढून टाकल्याचा उल्लेख आहे का, हे तपासा. टेक्सासमध्ये रूफरला (छप्पर बसवणाऱ्याला) राज्याचा परवाना लागत नाही, म्हणून या कागदांचे महत्त्व आणखी वाढते. जुन्या थरावरच नवा थर ठोकलेला असेल, तर खालून दिसणारे नवेपण फसवे असते. छपराच्या कडेला शिंगल्स किंचित उचलून पाहिल्यास थर मोजता येतात, आणि माळ्यावर चढून टॉर्चच्या उजेडात पाहिल्यास खालच्या फळ्या कुजल्या आहेत की बदलल्या आहेत, हेही कळते. हे काम इन्स्पेक्टरला स्पष्ट शब्दांत सांगा. कंपन्या हल्ली विमानातून किंवा ड्रोनमधून घेतलेली छायाचित्रेही पाहतात, आणि पॉलिसी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत बाहेरून तपासणीही करतात. तुम्ही अर्जात लिहिलेले आणि प्रत्यक्षात दिसणारे यांत तफावत आढळली, तर हप्ता वाढू शकतो किंवा पॉलिसी रद्दही होऊ शकते.

बिलात शिंगल्स ‘क्लास ४’ असल्याचा उल्लेख असेल, तर ती खरोखर चांगली बातमी आहे. यूएल २२१८ या चाचणीत पोलादी गोळा उंचीवरून टाकून छपराचा माल तपासतात आणि त्यातील सर्वोच्च श्रेणी ४ असते. टेक्सासमध्ये अशा छपरासाठी हप्त्यात सवलत मिळू शकते, मात्र त्यासाठी छप्पर बसवणाऱ्याने भरून सही केलेला प्रमाणपत्राचा फॉर्म लागतो. तो विकणाऱ्याकडून आत्ताच मिळवा. घर ताब्यात आल्यानंतर जुन्या रूफरला गाठणे फार कठीण जाते. छपराची वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर करून घ्यायलाही ठरावीक मुदत असते, तीही विचारून ठेवा. आणखी एक कागद विकणाऱ्याकडून मागावा, तो म्हणजे क्लू अहवाल. त्या घरावर गेल्या ७ वर्षांपर्यंत केलेले क्लेम त्यात दिसतात. छप्पर गारपिटीच्या क्लेमच्या पैशातून बदललेले असेल तर ते त्यात दिसेल, आणि दोन-तीन वेळा पाण्याच्या नुकसानीचे क्लेम झाले असतील तर तुमचा हप्ता जास्त का, याचे उत्तरही कदाचित तिथेच मिळेल.

आता दोन कोटेशनचा प्रश्न. दोन्हींमध्ये वारा व गारपिटीसाठीचे डिडक्टिबल किती टक्के आहे आणि छपराची भरपाई ‘रिप्लेसमेंट कॉस्ट’ने आहे की ‘अ‍ॅक्च्युअल कॅश व्हॅल्यू’ने, एवढे दोन मुद्दे आधी शोधा. पहिल्या पद्धतीत नवे छप्पर घालण्याचा पूर्ण खर्च धरतात, दुसऱ्या पद्धतीत त्यातून घसारा वजा करतात. उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, घराच्या बांधकामाचा विमा ४ लाख डॉलरचा आहे आणि २०३३ मध्ये गारांनी छप्पर निकामी झाले. नव्या छपराचा खर्च २० हजार डॉलर आहे. स्वस्त पॉलिसीत डिडक्टिबल २ टक्के, म्हणजे ८ हजार डॉलर आहे आणि भरपाई घसारा कापून मिळणार आहे. कंपनीने छपराचे आयुष्य वीस वर्षे धरले, तर दहा वर्षांनंतर निम्मी किंमत घसाऱ्यात जाते, उरलेल्या १० हजारांतून ८ हजार वजा होतात आणि तुमच्या हाती २ हजार डॉलरचा चेक येतो. महाग पॉलिसीत डिडक्टिबल १ टक्का आणि भरपाई पूर्ण खर्चाची असेल, तर १६ हजार डॉलर मिळतात. त्यातील काही रक्कम आधी आणि उरलेली काम पूर्ण झाल्याची बिले दिल्यानंतर. म्हणजे वर्षाला ६५० प्रमाणे दहा वर्षांत वाचवलेले साडेसहा हजार एका गारपिटीत जातात आणि वर साडेसात हजार खिशातून घालावे लागतात.

कोणी म्हणेल, छप्पर तर आज नवे आहे, घसारा थोडाच कापला जाईल, मग सध्या स्वस्त पॉलिसी घेऊन पुढे बदलली तर काय बिघडले? बिघडते ते असे की, दहा-पंधरा वर्षांच्या छपराला पूर्ण खर्चाची अट द्यायला अनेक कंपन्या तयार नसतात. नव्या छपरामुळे ही अट तुम्हाला आज मिळू शकते, आणि म्हणूनच तिच्यासाठी थोडा जास्त हप्ता भरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांच्याकडे छपराइतकी रक्कम कायम बाजूला ठेवलेली असते, त्यांनी वेगळा विचार करायला हरकत नाही. पण नुकतेच डाउन पेमेंट भरलेल्या कुटुंबाकडे ती सहसा नसते. मात्र पॉलिसी नूतनीकरणाच्या वेळी दरवर्षी कागद वाचा, कारण छपराचे वय ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावर काही कंपन्या ही अट आपणहून बदलतात. आणि गारपिटीनंतर दारावर येणारा कंत्राटदार ‘डिडक्टिबल आम्ही माफ करतो’ म्हणाला, तर त्याला तिथूनच परत पाठवा. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०१९ पासून ते बेकायदेशीर आहे आणि डिडक्टिबल भरल्याचा पुरावा कंपनी मागू शकते.

जुन्या घरासाठी आणखी एक संरक्षण आवर्जून घ्यावे : ‘ऑर्डिनन्स ऑर लॉ’. घराचा काही भाग जळाला, तर दुरुस्ती १९७२ च्या नव्हे, आजच्या बांधकाम नियमांप्रमाणे करावी लागते आणि तो वाढीव खर्च मूळ विम्यात पुरेसा धरलेला नसतो. ही मर्यादा अनेकदा बांधकामाच्या विम्याच्या १० टक्के असते. तुमच्या घराला २५ टक्के मला योग्य वाटतात.

हातातील सात दिवस यासाठीच वापरा. ऑप्शन पीरियडमध्ये कोणतेही कारण न देता करारातून बाहेर पडता येते, तारा किंवा पॅनेल बदलण्यासाठी किंमत कमी करून मागता येते. ती मुदत टळल्यावर ही ताकद बरीच कमी होते. इन्स्पेक्शनचा अहवाल हाती येताच तो किमान तीन एजंटांना पाठवून लेखी कोटेशन घ्या, त्यांपैकी एक तरी अनेक कंपन्यांचे काम करणारा स्वतंत्र एजंट असावा. दरांचा अंदाज घेण्यासाठी टेक्सासच्या विमा विभागाचे ‘हेल्पइन्शुअर’ हे संकेतस्थळही उपयोगी आहे. कर्ज देणारी बँक क्लोजिंगपूर्वी (खरेदीचा व्यवहार पूर्ण होण्यापूर्वी) विम्याचा पुरावा मागतेच, पण शेवटच्या आठवड्यात धावपळ करून घेतलेली पॉलिसी क्वचितच चांगली निघते.

प्रश्न : फ्लोरिडात टॅम्पाजवळ १९८४ चे घर पाहिले आहे, छप्पर २०२१ चे आहे. वरील नियम आमच्याकडेही लागू होतात का?
— एक वाचक, फ्लोरिडा

उत्तर : तत्त्व तेच, पण तुमच्याकडे गारांऐवजी वादळी वारा निर्णायक ठरतो. मे २०२२ मध्ये संमत झालेल्या कायद्यानुसार १५ वर्षांहून कमी वयाच्या छपराला केवळ वयाच्या कारणावरून कंपनी विमा नाकारू शकत नाही, त्यामुळे त्या बाबतीत तुम्ही निश्चिंत राहा. जुन्या घरासाठी कंपनी ‘फोर पॉइंट’ तपासणी मागेल; तीत छप्पर, वीज, नळ आणि एसी पाहतात. १९७८ ते १९९५ दरम्यानच्या बऱ्याच घरांत पॉलिब्युटिलीनचे, सहसा राखाडी रंगाचे, नळ आहेत आणि ते अडचणीचे ठरतात. हप्ता खरोखर कमी करणारी तपासणी मात्र ‘विंड मिटिगेशन’ची आहे. तिचा राज्याने ठरवलेला फॉर्म असतो आणि तो ५ वर्षांपर्यंत चालतो. छपराच्या परवान्याची तारीख, फळ्यांना मारलेले खिळे, शिंगल्सखालील पाणीरोधक थर, आणि छप्पर भिंतीला नुसत्या तिरक्या खिळ्यांनी जोडले आहे की धातूच्या क्लिपांनी अथवा पट्ट्यांनी, हे सारे त्यात नोंदतात. विकणाऱ्याकडचा फॉर्म २०२१ पूर्वीचा असेल, तर नवा करून घ्या, कारण जुन्यात नव्या छपराची नोंद नसेल. पुराचा विमा यात येत नाही, वादळाबरोबर चढणारे समुद्राचे पाणीही नाही. सरकारी पूरविम्याला एरवी ३० दिवस थांबावे लागते, पण कर्जाच्या क्लोजिंगबरोबर घेतल्यास तो त्याच दिवसापासून लागू होतो; तेव्हा त्याचा अर्ज क्लोजिंगच्या आधीच एजंटकडे द्या.